काडतुसाची टोपी

१४ जानेवारी

ती. आईस,
चिमीचा सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? मावशी कळवते की तू डॉक्टरांची नजर चुकवून जिना चढतेस. नवा गुडघा आहे तो, नवी चप्पल नव्हे.

इकडे आपला काडतुसांचा कारखाना विकायला निघालाय. सरकार निम्म्याहून जास्त हिस्सा एका परदेशी कंपनीला देणार. कँटीनला रंग लागला, गळका नळ दुरुस्त झाला, तेव्हाच मला शंका आली होती. विक्रीला माझा सरसकट विरोध नाही. यंत्रं म्हातारी झालीत, पैसा कुठून तरी यायला हवाच. पण कंपनीला नेमका माझाच विभाग बंद करायचाय. काडतुसाच्या तळाशी बसणारी इवलीशी स्फोटक टोपी यापुढे त्यांच्या देशातून आणायची आणि इथे नुसती जोडाजोड करायची, असा बेत आहे. टोपीशिवाय काडतूस म्हणजे पेनाचं पितळी टोपण.

आणि कहर ऐक. कंपनीने दुभाषी म्हणून आपल्या बच्चूला नेमलंय. त्याला विचारलं, कराराच्या बैठकीत विभागातर्फे मी बोलणार आणि सख्खा भाऊ समोरच्या बाजूला बसणार का. तर म्हणे, मी मधे बसणार. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. जेवायला येतो, भांडी घासतो आणि जातो.

तुझ्या मायेत माझा वाटा सध्या जरा जास्त असू दे.
तुझी,
चिमी


२० जानेवारी

चि. चिमीस,
अ. आ.

जिना मी एकदाच चढले. मावशी तिखटमीठ लावते.

बच्चूवर रुसून काय मिळणार? दुभाष्याने जीभ भाड्याने दिलेली असते, मन नाही. शिवाय तो अबोल्यातही भांडी घासतो. जावईबापू बोलतात भरपूर, घासत नाहीत.

विभागाचं म्हणणं मात्र खरं आहे. मी पॅकिंगला लागले तेव्हा टोप्या परदेशातूनच यायच्या. एकदा त्यांच्याकडेच लढाई जुंपली आणि जहाजं थांबली. ती माणसं वाईट नव्हती गं, त्यांना स्वतःलाच टोप्या हव्या होत्या. आम्ही रिकाम्या पेट्यांवर बसून स्वेटर विणले. सीमेवरच्या पोरांना गोळ्या मोजून मिळत होत्या, पण विणताना त्याबद्दल कुणाला बोलवत नव्हतं. तेव्हा बैठकीत अभिमानाची भाषणं ठोकू नकोस. सरळ विचार की अडचणीच्या वेळी आधी कुणाला.

भांडा, पण जेवायला एका टेबलावर बसा, एवढंच मागते.
आई


२ फेब्रुवारी

ती. आईस,
बच्चूचा सा. न. वि. वि.

बैठक झाली. ताईने मला ओळखही दाखवली नाही, 'दुभाषी महाशय' म्हणाली. माझ्या नोकरीची अट एकच: कुणाचंही वाक्य कमीजास्त करायचं नाही. ताईने सुरुवातीलाच सांगितलं की आम्हाला दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं नाही. मी शब्दशः सांगितलं. कंपनीच्या संचालिका बाई, वयाने तुझ्याएवढ्या, त्यांनी खरोखर ओंजळ करून पाहिली आणि विचारलं की पेला का घेत नाही. सगळे हसले, ताईसुद्धा.

मग तिने तुझा प्रश्न टाकला. दोन्ही देशांत एकदमच लढाई लागली, तर टोप्या आधी कुणाला? त्यांचा वकील लगेच म्हणाला की करारात पुरवठ्याची हमी आहे. बाईंनी त्याला थांबवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या की आमचं सरकार निर्यात थांबवेल, आणि हिच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं.

आई, हे वाक्य मीही हळूच सांगू शकलो असतो. पण आपले सरकारी अधिकारी टेबलाच्या पार टोकाला बसले होते. त्यांना ऐकू जाईल असं मी सांगितलं. शब्द एकही वाढवला नाही, आवाज वाढवला. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि कराराचा मसुदा दुरुस्तीसाठी परत मागवला.

निर्णय अजून व्हायचाय. बाहेर पडताना ताईने तिची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. घसा बसला असेल, म्हणाली.

गुडघ्याला जपावं आणि आम्हा दोघांना सांभाळून घ्यावं.
तुझा,
बच्चू


१६ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

करार झाला. कंपनीला निम्म्याहून थोडा कमी हिस्सा, टोप्यांचा विभाग इथेच, आणि अडचणीच्या काळात माल आधी देशाला, असं कलम घातलं गेलं. नवं यंत्रही येणार. सगळंच गोड नाही. तुझी जुनी पॅकिंगची इमारत बंद होतेय. तिथली तुझी जाड चष्म्याची मैत्रीण आता माझ्या विभागात टोप्या तपासायच्या कामावर येईल. सध्या ती माझ्यावर फुगून आहे आणि तिचा राग मला कळतो.

संचालिका बाईंनी मला ते यंत्र शिकायला सहा महिने त्यांच्याकडे बोलावलंय. बच्चू रोज संध्याकाळी त्यांची भाषा शिकवतो. काल मला म्हणायचं होतं की भूक लागलीय, आणि मी म्हणे सांगितलं की मी घोडा आहे. तो खुर्चीवरून पडता पडता वाचला.

विभागात सगळे चिडवतात की कंपनीला अडवायला निघालेली बाई कंपनीच्याच तिकिटावर निघाली. चिडवू देत. इतकी वर्षं मी कारखान्याच्या फाटकापलीकडचं जग नकाशात पाहिलं. आई, खरं सांगते, मला जायचंय. आणि सगळं शिकून परत यायचंय.

तुझा आशीर्वाद सामानात सगळ्यांत वर ठेवीन.
तुझी,
चिमी