डॉक्टरांच्या सहीसाठी बेचाळीस पानं

२ मे
ठरलं. वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यायची. सर्जन तयार आहेत. फक्त फॅमिली डॉक्टरांचं पत्र हवं, तेही तीस तारखेपर्यंत. नाहीतर पुढची यादी थेट सहा महिन्यांनी. किरकोळ बाब. डॉक्टर मला जन्मापासून ओळखतात. अंदाजे वेळ: दहा मिनिटं.
आईला सांगायचं नाही. आईला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

३ मे, स. १०.१५
दहा मिनिटं पुरली नाहीत. डॉक्टरांनी आधी काट्यावर उभं केलं. १०८ किलो. काट्याचा एक पाय फुटक्या फरशीवर आहे, त्यामुळे काटा डुगडुगतो. वजनकाटे तपासणं हेच माझं काम. असलं रीडिंग आमच्या लॅबच्या दारातसुद्धा कोणी उभं करणार नाही. माझ्या मते खरं वजन १०४. तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वा, म्हणजे चार किलो बोलता बोलता उतरले की! नर्सबाई गरजेपेक्षा जास्त हसल्या.
पत्रासाठी दोन गोष्टी. तीन आठवडे जे खाईन ते लिहायचं. आणि फॉर्मवर एक नाव: ऑपरेशननंतर घरी सोबत कोण. डॉक्टर म्हणाले, माझी ना नाही गं, फक्त खरं लिही.
मला सांगतात खरं लिही. मोजमाप हा माझा पेशा आहे.

५ मे
नोंद सुरू. आधी नियम. उभ्याने खाल्लेलं धरायचं नाही (नमुना अस्थिर). दुसऱ्याच्या ताटातलं धरायचं नाही (मालकी संदिग्ध). रविवार वगळायचा (अपवादात्मक दिवस).
आजची बेरीज ११४० कॅलरी. माझी शिस्त वाखाणण्यासारखी आहे.

९ मे
ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस. केक. उभ्यानेच खाल्ला. उरलेला घरी आणला, वाया जायला नको.
बेरीज ११०५.

१२ मे
फॉर्म दिला. ‘सोबत कोण’ यापुढे लिहिलं: स्वतः. नर्सबाईंनी तिथल्या तिथे परत केला. म्हणाल्या, ताई, तुम्ही गुंगीत असताना तुम्हाला पाणी तुम्हीच देणार का? तांत्रिक आक्षेप. मार्ग निघेल.

१६ मे
साइटवर काम. काटा उंच टाकीच्या माथ्यावर, ऐंशी पायऱ्या. छत्तिसाव्या पायरीवर बसले. फिटरने वरून ओरडून विचारलं, मॅडम, काय झालं? म्हटलं, फोन आलाय. फोन खाली गाडीत होता.
मागच्या खेपेला एकावन्नाव्या पायरीवर आला होता.
(विषयाबाहेरची नोंद. फाईलमध्ये नको.)

२० मे
डॉक्टरांच्या काट्याचा सोक्षमोक्ष लावला. लॅबमधून वीस-वीस किलोची दोन प्रमाणित वजनं रीतसर परवानगी काढून नेली. दवाखान्यात गर्दी होती. एका आजोबांनी विचारलं, काय गं, दवाखाना बंद करतायत का, सामान हलवतेस ती? चाळीस किलोला काटा ३९.१ दाखवतो. सिद्ध झालं: काटा चुकीचा.
दु. ४. आकडेमोड केली. काटा कमी दाखवतो. म्हणजे १०८ चे ११०.५.
दु. ४.१०. एका चाचणीवरून निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल.

२६ मे
फाईल तयार. बेचाळीस पानं, अकरा आलेख. रोजची सरासरी ११६२. शेवटी फॉर्म, ‘सोबत’ यापुढे ‘लागू नाही’. मला ऑफिसातून सुटता येईना, म्हणून गठ्ठा आईकडे दिला. म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून बांधून आण, ऑफिसचं गोपनीय काम आहे, उघडू नकोस. आई बरं म्हणाली आणि चष्मा शोधायला लागली.
गोपनीयता अबाधित.

२९ मे
फाईल मिळाली. दुकानात फार गर्दी होती म्हणे, तीन दिवस लागले. बांधणी सुबक. आत पाहिलं नाही. स्वतःचं काम पुन्हा तपासणं हा स्वतःवरचा अविश्वास.

३० मे, दु. १२
डॉक्टरांनी आलेख भराभर उलटले. सतराव्या पानावर थांबले. चष्मा पुसला. मग हसत सुटले आणि नर्सबाईंना हाक मारली.
माझ्या छापील नोंदींखाली पेन्सिलीने आईचं अक्षर. ९ मे: केक, घरी दोन तुकडे, ऑफिसात किती ते तीच जाणे. १३ मे: बिस्किटं पाच, ओट्यापाशी, माझी पाठ वळली तेव्हा. रविवार सगळेच्या सगळे, पानामागे, जागा पुरली नाही म्हणून समासात. फॉर्मवर ‘लागू नाही’ खोडलेलं. तिथे आईचं नाव, सही, आणि पुढे: माझ्या रजेचा अर्ज दिला आहे.
डॉक्टर म्हणाले, याला म्हणतात नोंद. मग विचारलं, पण बाळ, तुला हे हवंय कशासाठी? मी पान नऊ, ‘कारणं’, उघडायला सांगणार होते. तोंडातून निघालं, छत्तिसावी पायरी. मग फोनचंही निघालं. नर्सबाई अजिबात हसल्या नाहीत.
पत्र मिळालं. साडेतीन ओळी. त्यात पायऱ्या आहेत, आलेखांचा उल्लेख नाही.
निघताना पुन्हा वजन. नर्सबाईंनी पत्र आणि फॉर्म बाजूला काढून ठेवले आणि उरलेली फाईल काट्याच्या त्या पायाखाली सरकवली. फट नेमकी तेवढीच होती. काटा पहिल्यांदा स्थिर. ११०.५.
माझं गणित बरोबर होतं.

सायं. ६
आईला पत्र दाखवलं. दोनदा वाचलं तिने. मग म्हणाली, चहा टाकते.
बिस्कीट एक. ओट्यापाशी, उभ्याने. नोंदलं.
आई पाठमोरीच म्हणाली, दोन.
दुरुस्ती: दोन.