पलीकडच्या नजरा

१० फेब्रुवारी २०२५

मंडळाच्या सुलेखाचा फोन. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात चित्र लागलंच पाहिजे— ५ एप्रिल, हॉल बुक झालाय. आणि इथे बेसमेंटमध्ये बारा फुटी कॅनव्हास अर्धा उघडाबोडका उभा!

विषय १९७९ सालची महाराष्ट्र मंडळाची पहिली सभा. कोलंबसमधल्या चर्चचं तळघर, अकरा संस्थापक, कागदी बशांतून पोहे. अकरातले सात गेले. उरलेल्या चौघांत आमचा बाळ, माझा नवरा. त्याला ती सभा आठवत नाही, हे घर आठवत नाही, आणि बहुतेक दिवस मीही नाही. ‘मिनू’ अशी हाक ऐकून वर्ष होऊन गेलं.

आज विचारत होता, “बाई, तुमची ड्यूटी किती वाजता संपते?”

संपत नाही, बाबा.

१४ फेब्रुवारी

आयरिश बुवा वाचतेय. अडीचशे वर्षांपूर्वीचा इतिहासचित्रकार, त्याची व्याख्यानं आणि पत्रं. लेकीने, इलाने, लायब्ररीच्या सेलमधून हा ठोकळा आणून दिला होता. “यू लिव्ह इन डब्लिन, आई. रीड ॲन आयरिशमन.” आमचं डब्लिन ओहायोतलं, पण पोरीला विनोद सुचला की सोडवत नाही.

बुवांचं म्हणणं पानोपानी एकच. चित्रकाराने माणसाचं मन मोठं करणारे विषय घ्यावेत, इतिहास रंगवावा. गिऱ्हाइकांचे चेहरे रंगवत बसणं म्हणजे कलेचं दुकान मांडणं. वाचताना कान गरम झाले. कोल्हापूरला शिकून मी चाळीस वर्षं दुसरं काय केलं? फोटोवरून गेलेल्या माणसांची पोर्ट्रेट्स! इथल्या निम्म्या मराठी घरांतले भिंतीवरचे सासू-सासरे माझ्याच हातचे.

म्हणून तर ‘सभा’ घेतली. सत्तरी आली, एक तरी मोठं काम व्हावं.

२१ फेब्रुवारी

आंघोळ, गोळ्या, भरवणं, परत कपडे. ब्रश हातात पंधरा मिनिटं. दमले.

२ मार्च

सुलेखा चित्र बघून गेली. “काकू, मस्त झालंय. फक्त अरुणकाकांना थोडं फ्रंटला शिफ्ट करता का? त्यांची फॅमिली टेक्सासहून येतेय. आणि कुणी पाठमोरं नको हं, सगळ्यांचे फेसेस क्लिअर दिसले पाहिजेत.”

मी मंडळाच्या घटनेवरून झालेलं भांडण रंगवलं होतं. कुणी उठून उभा, कुणी पाठ फिरवून कोट घालतोय, अरुण कोपऱ्यात गप्प. हिला ग्रूप फोटो हवाय. बुवा अशा वेळी कडाकडा भांडायचे. शेवटी लंडनच्या कला-अकादमीने त्यांना हाकलूनच दिलं. मी “बघते हं” म्हटलं आणि चहा टाकला.

पाठमोऱ्याला वळवलं, अरुणला पुढे आणला. मेल्यावर तरी पुढे येऊ दे बिचाऱ्याला.

९ मार्च

डोळे झाले. कोल्हापूरच्या आमच्या मास्तरांचा नियम— गेलेल्या माणसाची नजर बघणाऱ्यावर रोखायची नाही, डोक्यावरून पलीकडे न्यायची. घरच्यांना त्या चित्रासमोर रोज जेवायचं असतं. जिवंत माणूस मात्र सरळ बघणार. चाळीस वर्षांत हाताला इतकी सवय झालीय की विचार करावा लागत नाही. सात जण पलीकडे, चौघं समोर. अकराही नजरा एका बैठकीत! कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

१६ मार्च

इला प्लेनोहून दोन दिवसांसाठी आली. लहानपणी याच बेसमेंटमध्ये बसून गृहपाठ करायची, मास्तरांचा नियम तिला पाठ आहे. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “आई, व्हाय इज बाबा लुकिंग ओव्हर माय हेड?”

मी मोजलं. पलीकडे बघणारे आठ.

वर बाळ सोफ्यावर बसून केळं खात होता.

मी जिन्यातच बसले. “यू आर जस्ट टायर्ड,” म्हणाली, पाठीवरून हात फिरवला. थकलेली तर आहेच. पण हाताने जे करायचं ते केलं. मी त्याला न्हाऊ घालते, भरवते, आणि मनातल्या मनात त्याचं तेरावं उरकून मोकळी झालेय. शेहेचाळीस वर्षांच्या संसाराची मला आज लाज वाटली. त्याची नाही, माझी.

२३ मार्च

चित्रातल्या बाळचे डोळे तीनदा पुसले, तीनदा काढले. समोर बघतच नाहीत. त्याला समोर बसवून पाहिलं, तर तो खरोखरच माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघतो. मग खरं काय रंगवू?

बुवांनी लंडनच्या एका हॉलमध्ये एकट्याने कितीतरी वर्षं खपून प्रचंड चित्रं केली. त्यातल्या एकात स्वतःलाच एका जुन्या ग्रीक चित्रकाराच्या रूपात घातलं. तो ग्रीक कोण, तर एका बापाचं दुःख रंगवता येईना म्हणून ज्याने त्याचं तोंड कापडाने झाकलं, तो! मलाही वाटलं, बाळच्या चेहऱ्यासमोर कुणाचा तरी हात आणावा, सुटेन. पण फेसेस क्लिअर हवेत.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. बाळने साखरेची गाठी चाटूनपुसून खाल्ली. चित्रातले त्याचे डोळे अजून कोरे.

३ एप्रिल

त्याला हात धरून बेसमेंटमध्ये नेलं, चित्रासमोर खुर्चीत बसवलं. खूप वेळ बघत होता. कुणालाच ओळखलं नाही, स्वतःलाही नाही. मग वळला आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, “बाई, यात आमची मिनू कुठंय? पोहे तिनेच केले होते.”

चित्रात बशा काढल्या होत्या मी. पोहेसुद्धा. मीच नव्हते.

त्याचे डोळे तिथेच, तो बसलेला असताना काढले. मग वर जाऊन बाथरूममधला आरसा खाली आणला.