तरवडीचा अवेळी बहर

प्रिय दादा,

तू माळावरून आणून आपल्या रेताड अंगणात लावलेली तरवड अवेळी बहरली आहे. "बघ, खाली पाणी आहे! थोरल्याला लिही, नोकरी सोडून बायको-लेकराला घेऊन ये," बाबा म्हणाले.

पण पानं गळताहेत, फांद्या कटकन मोडतात. मरायला टेकलेलं झुडूप असंच जीव तोडून फुलतं, हे मी वाचलंय. विहिरीत बादली आता गाळाला लागते. हे सांगितलं तर बाबा हसले, "चार बुकं शिकलीस, आता झाडालाही शिकव!"

त्यांना वाचता येत नाही, म्हणून पाकीट चिकटवण्याआधी ते प्रत्येक पत्र माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात आणि स्वतःच टपालात टाकतात. एक लिहून भलतंच वाचणं मला जमत नाही. हे पत्र माझ्या कपड्यांच्या पेटीतच राहील.

'लगेच निघ' असं त्यांनी सांगितलेलं पत्र आज टपालात पडलं.

तुझी,
धाकटी