त्या दुपारी मी केंद्रावर नव्हते

९ ऑक्टोबर १९७२, सोमवार
नवी नर्स हजर झाली. मरियम्मा. केरळातली, कोट्टयमकडची, वय तेवीस. नेवाशाहून एस.टी.नं आली, एक पत्र्याची ट्रंक घेऊन. डॉक्टरांनी तिचा कागद घेतला आणि मला म्हणाले, "सिस्टर, तुमच्याच क्वार्टरमध्ये ठेवून घ्या. तुम्ही दोघी बाहेरच्याच."
बाहेरच्या! घरात मराठी, शाळा मराठी. पण गाव निपाणी, आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. म्हणून चार वर्षं आरोग्य केंद्रात काढूनही मी अजून टेंपररी. रहिवासाचा दाखला आणल्याशिवाय कायम करत नाहीत. पहिलं वर्षभर लोक मला कानडी बाई म्हणायचे.
पोरीला भूक होती. मिलोची, म्हणजे रेशनच्या अमेरिकन ज्वारीची लाल भाकरी बघून थबकली. मग खाल्ली.

१७ ऑक्टोबर
आज म. औषधाच्या खोलीत तोंड फिरवून उभी होती. बाहेर एक बाई भामाबाईला विचारत होती, "ही मुकी हाय का गं?" भामाबाई आमची दाई, इथलीच, निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. ती म्हणाली, "मुकी न्हाई, परमुलखातली हाय. तू गेलीस तिच्या गावाला तर तू बी मुकीच."
संध्याकाळी म.ला वही करून दिली. रोज दहा शब्द. मी मराठी सांगायचं, तिनं तिच्या लिपीत लिहायचं. पहिले शब्द तिनंच मागितले: दुखतं, कुठं, कधीपासून.

२९ ऑक्टोबर, रविवार
ओव्हरसीअर रावांना जेवायला बोलावलं. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर आहेत, गुंटूरकडचे. तीन वर्षं या भागात काढली, म्हणाले, पण कुणाच्या घरी ताटावर बसलो नव्हतो. लोणचं घेऊन आले. झणझणीत. म.नं चिंचेचं कालवण केलं. भामाबाई आधी दारातच टेकली होती. कालवणाचा वास आला तशी आत सरकली.
दर रविवारी करायचं ठरलं. जो कोणी नोकरीपायी इथं येऊन पडलाय त्यानं यायचं. भामाबाई म्हणाली, "मी कुठली परकी? पन मी येनार." म्हटलं, तुझ्याशिवाय कसं.

१४ नोव्हेंबर
नळ आता दिवसातून अर्धा तास, तोही कधी येईल सांगता येत नाही. म.चा काल हंडा भरायचा राहिला, कारण शेजारीण ओरडली ते तिला कळलंच नाही. आज वहीत घातलं. पाणी सुटलं म्हणजे नळाला पाणी आलं, असं ऐकलं की लगेच हंडा घेऊन पळायचं. तिनं चार वेळा म्हणून दाखवलं. "पाणी सुटला." म्हटलं, सुटलं. "सुटलं, चेची." चेची म्हणजे थोरली बहीण.

३ डिसेंबर, रविवार
म. सकाळी मिशनच्या चर्चमध्ये मराठी उपासनेला जाऊन आली. गाणी तिनं आपल्या अक्षरात उतरवून घेतलीयत. म्हणते, अर्थ नंतर कळेल, सूर ओळखीचा आहे.
दुपारी वस्तीवरून बैलगाडी आली. बाळंतपणाला "ती नवी बाई" पाठवा म्हणून सांगावा. माझं नाव नाही, तिचं. जरा लागलं. मग बरं वाटलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

१४ जानेवारी १९७३, रविवार
संक्रांत. क्वार्टरमध्ये सातजण. भामाबाईनं तिळगूळ आणला. रावांनी तेलुगूत काहीतरी म्हटलं, म.नं मल्याळीत उत्तर दिलं, दोघांनाही एकमेकांचं कळलं नाही. हसून हसून पोट दुखलं.
इथं आल्यापासून पहिल्यांदा निपाणीची आठवण न येता सण गेला.

१७ जानेवारी
तहसील कचेरीतून चिठ्ठी. उद्या जातीनं या, दाखल्यावर सही व्हायची आहे. साहेब पुन्हा दौऱ्यावर जाणार.
रजेचा अर्ज घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी परत दिला. "रजा कशाला वाया घालवता? सकाळी मस्टरवर सही करा आणि जा. मरियम्मा आहे की." म.ला सांगितलं. ती म्हणाली, "तू जा चेची. मी बघतो." अजून बघतो-बघते होतंच तिचं.

१८ जानेवारी, गुरुवार
सही केली. नऊच्या एस.टी.नं गेले. दाखला मिळाला. चारच्या गाडीनं परत. फाटकाशी माणसं होती, मला बघून वाट दिली.

१९ जानेवारी
काल पुढचं लिहवलं नाही. आता लिहिते.
तलावाच्या कामावर खडी फोडणारी कौसाबाई. पहिलटकरीण. दुपारी बाराच्या सुमारास तिला कामावरच सुरू झालं. नवरा दगडू पळत केंद्रावर आला. दोन मैल. दारात उभा राहून म.ला म्हणाला, "बाई, पाणी सुटलंय, लौकर चला." धापा टाकत होता. म. "बरं, बरं" म्हणाली आणि आत जाऊन हंडा घेऊन नळावर गेली.
नळ कोरडा. ती तिथं उभी राहिली, पाणी येईल म्हणून. दगडूला वाटलं बाई तयारीला गेली. वाट बघितली, हाका मारल्या, मग भामाबाईच्या घराकडे पळाला. भामाबाई म.ला शोधत नळावर आली, तेव्हा कुठं म.ला खरा अर्थ कळला. दोघी तिथून पळतच तलावावर गेल्या. मूल आडवं होतं. नगरला न्यायला पाहिजे होतं. डॉक्टर जीप घेऊन जिल्ह्याहून आलेल्या आरोग्य खात्याच्या साहेबांबरोबर बाहेर. राव ट्रॅक्टर बघायला धावले.
मूल गेलं. मुलगा होता. कौसाबाई वाचली, भामाबाईच्या हातांमुळे.
डॉक्टर म्हणतात अर्ध्या तासानं फरक पडला नसता. हे ते मला म्हणतात. गावाला सांगत नाहीत.
तो शब्द मी शिकवला. अर्धाच शिकवला, नळाचा; बाळंतिणीचं पाणी सुटतं तो नाही. तिच्याबरोबर वीस बाळंतपणं करून हा शब्द सांगायचा राहिला, कारण दुष्काळात माझ्याही डोक्यात नळच होता. मी इथं असते तर

२३ जानेवारी, मंगळवार
कौसाबाईला भामाबाई घेऊन आली. छाती दुधानं दगडासारखी झालेली, अंगात ताप. मी पुढं झाले, पण माझ्या आधी म. छाती बांधायचा पट्टा घेऊन आली. कौसाबाईनं भिंतीकडे तोंड केलं. पण हात वर केले, बांधू दिलं. म.नं गाठ मारली, सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली.
दगडू बाहेर लिंबाखाली बसून होता. आत आला नाही.

२ फेब्रुवारी
गावचा अर्ज गेला जिल्ह्याला. "भाषा न येणारी मद्रासी नर्स हलवावी." खाली सह्या, अंगठे. दगडूचा अंगठा पहिला. भामाबाई म्हणते, त्याला कुणीतरी पुढं केलं. असेल. पण मूल त्याचंच गेलं.

४ फेब्रुवारी, रविवार
भात शिजवला. कोणी आलं नाही. रावांचा निरोप, काम आहे. दुपारी ते समोरच्या रस्त्यानं सायकलवरून गेले, मान खाली घालून. त्यांना भीती वाटते, पुढचा अर्ज त्यांच्यावर येईल. मी त्यांना दोष देत नाही. देते थोडा.
म. आणि मी जेवलो. भामाबाई उशिरानं आली. "मला का बोलावलं न्हाई," म्हणाली. म्हटलं, तुला कधीपासून बोलवावं लागतं?

१४ फेब्रुवारी, बुधवार
चौकशीला जिल्ह्याहून साहेब आले. टेबलावर मस्टर. म.ला विचारलं, "दुसऱ्या सिस्टर कुठे होत्या?"
मी दारातच उभी होते.
म. म्हणाली, "त्या आत होत्या. इंजेक्शन देत होत्या. मी त्यांना बोलावलं नाही. चूक माझी."
एवढं शुद्ध मराठी ती पहिल्यांदा बोलली. पाठ केलं असणार. साहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "मस्टरवर सही आहे." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. कशी हलली कळलं नाही, पण हलली.

१५ फेब्रुवारी
तिला विचारलं, का गं असं? भाजी निवडत होती.
"माझी चूक झाली ना. मग एकच जण जाऊ दे. दोघी गेल्या तर रविवारी कोण येणार?"
"आताही कोण येतंय?"
"येतील," म्हणाली. "तू इथंच राहा. तुझा दाखला आला."
ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. मी उठून बाहेर गेले.

२६ फेब्रुवारी
म.ला कामावरून दूर केलं, निकाल लागेपर्यंत. पण क्वार्टर सोडायची नाही. दिवसभर आत बसते. वही काढून शब्द लिहिते. नको म्हटलं. तरी लिहिते. आज भामाबाईला बोलावून बाळंतपणाचे सगळे शब्द विचारून घेतले तिनं. वेण, कळ, पोट खाली येणं, अंगावर जाणं. भामाबाई सांगता सांगता मध्येच थांबली, डोळ्याला पदर लावला, मग पुढं सांगू लागली.
माझं कायम होण्याचं पत्र आलं. कपाटात ठेवलं. तिला सांगितलं नाही. तिनं लिफाफा बघितला असणार.

५ मार्च, सोमवार
लिहिलं. "दि. १८ रोजी दुपारी मी केंद्रावर हजर नव्हते. मस्टरवरील सही माझी आहे. स्वतःच्या कामासाठी नेवाशाला गेले होते. चौकशीत मी खरं सांगितलं नाही." पाच वेळा लिहून फाडलं. शेवटी सगळ्यात लहान कागद ठेवला. डॉक्टरांचं नाव घातलं नाही.
त्यांना दाखवला. वाचून चष्मा काढला. "सिस्टर, नाव घातलं नाही तरी विचारणारच ते, सोडलं कुणी? तुम्ही बुडणार, मलाही नेणार. आणि ती पोर? तिची चूक त्यानं पुसली जाते का?"
नाही पुसली जात. मला तेही माहीत आहे.
दुपारी पोस्टात टाकला.

७ मार्च
म.ला सांगितलं. रागावली. पहिल्यांदाच. मल्याळीतच बोलत राहिली बराच वेळ. मला एकही शब्द कळला नाही. पाच महिने ती माझी भाषा शिकली, मी तिची किती शिकले? चेची. बस.
ती बोलायची थांबल्यावर म्हटलं, आता मराठीत सांग. म्हणाली, "मराठीत राग येत नाही मला. अजून शिकले नाही."

१९ मार्च
डॉक्टर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. गावात पत्राचं कळलंय. पाण्याच्या रांगेत एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी तुमीच न्हवत्या व्हय? आन् बोल त्या पोरीला?" हंडा भरून निघाले.
नगरहून कागद आला. पुढच्या सोमवारी सुनावणी. मला आणि दगडूला बोलावलंय. म.ची मागच्या आठवड्यात झाली. काय विचारलं ते ती सांगत नाही.

२५ मार्च, रविवार
भामाबाई आली. मिशन शाळेचे मास्तर आणि त्यांची बायको आली, न बोलावता. राव आले नाहीत, पण लोणच्याची बरणी कुणाच्या हाती पाठवली. म.नं बरणी उघडली नाही. कोपऱ्यात ठेवली.
जेवताना कुणी उद्याबद्दल बोललं नाही. म. ट्रंक आवरत होती का, की नुसते कपडे घडी करत होती, विचारायचं धाडस झालं नाही.

२६ मार्च, सोमवार. नगर, कचेरीच्या व्हरांड्यात
पेन्सिलीनं लिहितेय, वेळ जावा म्हणून.
सकाळच्या एस.टी.त दगडू होता. मागं जागा होती, तरी मी त्याच्याच बाकावर बसले. नेवासा फाटा गेल्यावर तो म्हणाला, "बाई, एक इचारू का?"
"विचारा."
"त्या दिशी तुमी कुठं हुत्या? मी लई हाका मारल्या. तुमच्याच नावानं मारल्या. ती बाई नवी, मला म्हाईत हुतं."
सांगितलं. नेवाशाला गेले होते, दाखल्यासाठी.
"कसला दाखला?"
"मी इथं राहते असा."
"मिळाला का?"
"मिळाला."
मग तो खिडकीतून बाहेर बघत बसला. घोडेगाव गेलं, शेंडी गेलं. मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं. काय शब्द वापरायचे कळेना. म्हटलं, "कौसाबाई कशी आहे?"
"बोलत न्हाई," म्हणाला. "खडी फोडती. बोलत न्हाई."
नगरला उतरल्यावर मी पुढं चालू लागले. मागं बघितलं तर तो स्टँडवर उभाच. कचेरी कुठं ते त्याला ठाऊक नव्हतं. थांबले. बरोबर आलो.
आता एकाच बाकावर आहोत. मधे त्याचं भाकरीचं फडकं. शिपाई नावं लिहून घ्यायला आला. दगडूनं आपलं नाव, गाव सांगितलं. शिपायानं माझ्याकडे बघितलं, "आणि बाई, तुमचं गाव?" मी काय सांगावं म्हणून अडखळले. दगडू म्हणाला, "त्येच लिवा. एकाच गावचं हाय आमी."
पण माझ्याकडे बघितलं नाही त्यानं. अजूनही बघत नाही.
साहेब जेवायला गेलेत. आत टंकलेखकाचा आवाज येतोय. पहिलं नाव कुणाचं घेतील ते शिपायालाही माहीत नाही.