सगळ्या डेस्कटॉपवर दाखवा

७ मे २०१२, अकोला
लागली बाप्पा नोकरी! रेशनच्या याद्या कॉम्प्युटरात भरायचं कंत्राटी काम, पण बसाले फिरती खुर्ची अन् अंगावर कूलरचा वारा. शेजारच्या टेबलावरच्या जेबाबाईंनी पहिल्याच दिवशी गंमत शिकवली. एका कॉम्प्युटरात चार डेस्कटॉप, घरातल्या चार खोल्यांसारखे. पहिल्यावर याद्या, चौथ्यावर माहा पत्त्यांचा डाव. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याची विंडो उघडायची, वरच्या पट्टीवर उजवं बटन दाबून 'सगळ्या डेस्कटॉपवर दाखवा' करायचं. मंग कोणत्याही डेस्कटॉपवर जा, ती कोपऱ्यात हजर. वामनरावसाहेब येताना दिसले की पत्ते बंद!

१४ मे
आशाबाई नावाची एक बुढी आली. गेल्या हंगामात कपाशीची पराटी वाळली, तिचा पोरगा रोहित गेला. हल्ली दर पानाले असं कोणीतरी असतेच, 'मयत'वर खूण कराची बोटाले सवय झाली. माही खूण एक ओळ वर पडली. यादीत पोरगा जिता, माय मेली. दुकानदारानं तिचं धान्य बंद केलं. चूक कबूल केली तर साहेब मलेच काढतील. म्हटलं, बाई, उद्या या.

२१ मे
रोज येते, व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसते. ऊन सेहेचाळीस. मी पत्ते खेळतो, कोपऱ्यातल्या विंडोत ती. खरं सांगतो, मजा वाटते. आज टेबलाशी येऊन म्हणाली, तुह्या पेटीत माहा पोरगा जिता हाय ना? मंग काढ त्याले बाहेर. मी म्हटलं, काढतो, बस तिथंच. जेबाबाई तोंडावर म्हणाल्या, माणूस आहेस का हैवान?

२३ मे
बसल्या जागी गेली बुढी. शिपायानं उचलली. मी म्हटलं, चला, यादी आपोआप बरोबर झाली. कोणी हसलं नाही.

२४ मे
व्हरांड्यात जाऊन पाहिलं, बाकडं रिकामं. विंडोत ती बसलेली आहे. विंडो बंद केली. चारही डेस्कटॉपवर पुन्हा आली. जेबाबाईंना दाखवली, त्यांना रिकामं बाकडंच दिसते.

२५ मे
दुपारी भारनियमन. अख्खा स्क्रीन काळा, ती विंडो तेवढी चालू. बाकड्यावर आता दोघं. माय-लेक. मधे एका माणसाची जागा सोडून—

२६ मे
रजा टाकली. घरी टीव्हीच्या कोपऱ्यात तेच. मोबाईलवर तेच. दाढी कराले गेलो, आरशाच्या कोपऱ्यात—
माफ कर माय. सोमवारी पहिलं तुहंच काम करतो.

२८ मे
आशाबाईच्या नावावरची खूण काढली. दोन मिनिटं लागली फक्त. दोनच!
पण खाली नवीन ओळ. गोवर्धन नत्थुजी. माहं नाव. मी टाकलं नाही. 'मयत'वर खूण— काढतो, पुन्हा लागते—
साहेबांना हाक मारली. कोणी वळून पाहत नाही. जेबाबाई माह्या खुर्चीकडे पाहतात, ती रिकामी असल्यासारखं—
विंडोत रोहित उठला. बाकड्यावर हात ठेवून मले जागा दाखवते—
साहेबांना सांगतो, सगळं सांगतो, माय, मले बाहेर काढ—
विंडोतली माय माह्याच शब्दांत म्हणते, काढतो, बस तिथंच—