थांबलो होतो, विसरलो नव्हतो

तीर्थरूप अक्का,

तुला वाकून नमस्कार. (वाकलो असं समज. खरोखर वाकलो तर उठवायला कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि सध्या या घरात कुणालाही हाक मारायची माझी इच्छा नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला की अजून रात्रभर तुला जागवतो? मी खुशाल आहे. हे वाक्य दोनदा वाच, कारण तुझ्या भाच्याने तुला फोन करून भलतंच काही सांगितलं असणार. 'बाबांचं हल्ली जरा…' एवढं म्हणून तो गप्प बसला असेल. लोकांपुढे तो असाच अर्धं वाक्य सोडून देतो आणि उरलेलं समोरच्याने मनात पुरं करायचं. त्याने सोडलेलं वाक्य मी पुरं करतो आहे, म्हणून हे पत्र.

सगळं प्रकरण एका कपभर चहाचं आहे. आमच्या इमारतीचे सगळे मजले एकाच साच्यातून काढलेले. दारं तपकिरी, पायपुसणी तपकिरी, आणि लिफ्ट अशी लहरी की आपण सांगितलेला मजला तिला पटला तरच ती तिथे थांबते. त्या दिवशी मी चष्मा दुरुस्तीला टाकून परत येत होतो (म्हणजे डोळ्यांवर चष्मा नव्हता, हे भाच्याने सांगितलं नसेलच). लिफ्ट थांबली, मी उतरलो, समोरचं दार उघडंच होतं. आत गेलो, चपला काढल्या, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो, पेपर उघडला आणि आतल्या दिशेने 'चहा' म्हणालो. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. आमच्याकडे शिलाई मशीन नाही, हा मुद्दा पुढे सगळ्यांनी माझ्याविरुद्ध वापरला. पण सूनबाई दर महिन्याला घरात एक नवं यंत्र आणते, माणसाने प्रत्येकाची चौकशी कुठवर करायची? मशीन थांबलं, एक बाई डोकावून म्हणाल्या, "बसा हं काका, एकच बाही राहिलीय," आणि चहा ठेवून गेल्या. मला वाटलं, सूनबाईची मैत्रीण. त्यांना वाटलं, कुणा गिऱ्हाइकाचे सासरे कपडे न्यायला आलेत. दोघांचेही अंदाज अगदी रास्त होते. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण मी एक घोट घेतला आणि मोठ्याने म्हणालो, "वा! आज कधी नव्हे तो या घरात प्यायच्या लायकीचा चहा झालाय!"

त्या शिवणकामवाल्या बाई स्वभावाने चांगल्या. माझा मजला चुकल्याचं कळल्यावर त्यांनी मला हाताला धरून वर आणून सोडलं आणि सूनबाईला दारातच, निव्वळ कौतुक म्हणून, ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. अक्का, मजला चुकलेला सूनबाईने एका दिवसात माफ केला असता. चहा माफ झाला नाही. माझ्या आजाराचं मूळ मेंदूत नाही, त्या कपात आहे.

संध्याकाळी बैठक बसली. तुझा भाचा चेहरा पाडून म्हणाला की आजोबांचंही असंच सुरू झालं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांचं शेवटी शेवटी काय व्हायचं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आपल्याच दाराची कडी वाजवून विचारायचे, घरात आहे का कुणी? आणि तू दार उघडून म्हणायचीस, या, तुमचीच वाट बघत होतो. मी मुलाला बजावून सांगितलं की बाबा आपल्या घराला परकं समजायचे, मी परक्या घराला आपलं समजलो. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे ऐकून सूनबाई म्हणाली की फरक नक्की आहे, आजोबांनी परक्या घरी जाऊन आपल्या घरच्या चहाला नावं ठेवली नव्हती.

मग डॉक्टर. तरुण, गुळगुळीत, आणि आवाज असा मोठा की जणू मी बहिराही आहे. त्यांनी मला वार विचारला. निवृत्त माणसाला वार विचारणं म्हणजे माशाला तहान विचारण्यासारखं आहे. मी म्हणालो, तुम्हाला सोयीचा असेल तो. मग त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं. मी सुरेख गोल काढला, आकडे घातले, काटे काढले नाहीत. कारण उभं आयुष्य मी जी घड्याळं पाहिली ती नाटकाच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली, आणि त्यांचे काटे प्रयोगात फिरत नाहीत, मग काढायचे तरी कुठे? डॉक्टरांनी काहीतरी टिपून घेतलं. मी त्यांना सांगितलं की अहो, मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत संहिता घेऊन उभा राहायचो आणि नट अडला की त्याचं वाक्य त्याच्या कानापर्यंत पोहोचवायचो, पहिल्या रांगेला पत्ता लागू न देता. मोठमोठ्या नटांची अब्रू या घशाने राखली. आणि त्यातली खरी विद्या पाठांतराची नव्हेच, ओळखण्याची. नट गप्प झाला की क्षणात ठरवावं लागतं, हा थांबलाय की विसरलाय? थांबलेल्याला वाक्य दिलं तर तो मध्यंतरात अंगावर धावून येतो, विसरलेल्याला नाही दिलं तर नाटक बुडतं. डॉक्टर म्हणाले, छान, आता मघाचे तीन शब्द सांगा बघू. मी थांबलो. थांबलो, अक्का. तेवढ्यात तुझ्या भाच्याने शेजारून दोन शब्द सांगून टाकले, आणि तेही अख्ख्या खोलीला ऐकू जातील असे. माझ्या पोटी असा प्रॉम्प्टर!

आणि हे मला तपासणार कोण, तर स्वतः फोनवर बोलत बोलत फोन शोधणारा माझा मुलगा, आणि गाडीच्या टपावर पर्स ठेवून थेट ऑफिस गाठणारी सूनबाई. त्यांनी विसरलं की तो कामाचा ताण, मी विसरलो की ते लक्षण. आपला तो बाब्या म्हणतात तो हाच. सूनबाई रोज सकाळी माझ्यापुढे अक्रोड ठेवते, का, तर तो मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला. मी विचारलं, मग टकलासाठी तुझ्या नवऱ्याला कलिंगड देतेस का? त्या दिवसापासून अक्रोड वाढले. शिवाय दात डाव्या हाताने घासायचे, वाचन आरशात धरून करायचं. डाव्या हाताने दात घासल्याने बुद्धी वाढते की नाही ठाऊक नाही, सदरे मात्र रोज दोन लागतात.

एवढ्यानेही भागेना म्हणून मला एका वर्गात घातलं. सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांची चित्रं, आणि एक उत्साही बाई, ज्या आम्हा सगळ्यांना 'मुलांनो' म्हणायच्या. त्या तबकातल्या वस्तू दाखवायच्या आणि वर फडकं टाकून एकेकाला उभं करायच्या. माझ्या शेजारी एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर बसायचे. अंगाने दांडगे, बोलायला मऊ. त्यांची बायको त्यांना दारापर्यंत सोडायला यायची. तिने मला आपलं नाव सांगून ठेवलं होतं आणि रोज म्हणायची, यांच्याकडे लक्ष असू द्या हं. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरसाहेब उभे राहिले आणि फडक्याकडे बघत राहिले. आयुष्यभर लांबचा सिग्नल हेरलेला माणूस, पण हातभर अंतरावरचं फडकं त्यांना ओलांडेना. कान लाल झाले. ते थांबलेले नव्हते. मग माझा घसा मला विचारायला थोडाच थांबतो? ओठ न हलवता मी म्हणालो, कात्री. ते म्हणाले, कात्री! मी म्हणालो, मेणबत्ती, कुलूप, गळणी. ते खाली बसले तेव्हा टाळ्या पडल्या.

पुढे ते पसरत गेलं. मागच्या रांगेतल्या आजी, कोपऱ्यातले निवृत्त कंपाउंडर, सगळ्यांना वाक्यं जाऊ लागली. अख्खा वर्ग धडाधड उत्तरं देऊ लागला. उत्साही बाई हरखून गेल्या. आपल्या पद्धतीला यश आलं म्हणून त्यांनी वरिष्ठांना बोलावलं. आणि त्याच दिवशी त्यांनी वस्तू सोडून ड्रायव्हरसाहेबांना विचारलं, तुमच्या पत्नीचं नाव सांगा बघू. ती बाई दारातच उभी होती, अक्का. नवऱ्याकडे बघत होती, हसत होती, आणि हातातल्या पिशवीचा बंद पिरगाळत होती. ड्रायव्हरसाहेब तिच्याकडे बघत होते, आणि ओळखत होते बरं का, चेहऱ्यावर सगळी ओळख होती, फक्त नाव नव्हतं. मी नाव दिलं. पण गळा भरून आला होता, त्यामुळे आवाजाचा अंदाज चुकला आणि ते अख्ख्या सभागृहाने ऐकलं. वरिष्ठांनीसुद्धा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोहोचला, तो असा.

मला वर्गातून काढलं. या वयात! कॉपी करू दिली म्हणून! मुलाला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर सांगितलं की यांच्यामुळे कुणाचा मेंदू किती चालतो ते कळेनासं झालंय. मी विचारलं, तिथल्या तिथे वीस जणांची अडलेली वाक्यं सांभाळणारा मेंदू तुम्हाला अधू वाटतो का? गाडीत एकदा तुझ्या भाच्याचे खांदे हलले. तो हसत होता असा माझा संशय आहे.

चार दिवसांनी ड्रायव्हरसाहेबांची बायको घरी आली. मला वाटलं, चारचौघांत लाजवलं म्हणून भांडायला आली. तर ती म्हणाली, "नातीचं लग्न आहे. हे नाही गेले तर लोक बोलतील, गेले तर लोक ओळख विचारतील. तुम्ही यांच्या मागे उभे राहाल का?"

लग्न म्हटलं की सगळ्यात धोकादायक प्रश्न एकच, 'ओळखलंत का?' हा प्रश्न विचारणाऱ्याला कायद्याने शिक्षा असायला हवी. अरे, तुझं नाव सांग आणि पुढे हो! तुझी ओळख पटवण्याची जबाबदारी दुसऱ्याच्या डोक्यावर का? पण मी तयारी केली. तिने घरचे फोटो दाखवले, मी नाती पाठ केली. मांडवात ड्रायव्हरसाहेबांच्या खुर्चीमागे उभा राहिलो, हातात पाण्याचा पेला, म्हणजे मी उगाच उभा आहे असं दिसायला नको. लोक येत गेले. साडू, साडूचे जावई, इंजिनावरचा जुना जोडीदार, विहीणबाई. मी देत गेलो, ते घेत गेले. एकदाही अडखळले नाहीत. त्यांची बायको लांबून बघत होती आणि तिचे खांदे हळूहळू खाली येत होते.

मग एक म्हातारी आली. ती कुठल्याच फोटोत नव्हती. ड्रायव्हरसाहेबांचे दोन्ही हात धरून तिने तोच मेला प्रश्न विचारला. माझ्या घशाला कोरड पडली, आणि पेल्यातलं पाणी मी आधीच पिऊन टाकलं होतं. नाटक बुडालं, असं मनाशी म्हणालो. पण त्यांच्या मानेकडे बघितलं तर ती ताठ नव्हती. ते थांबले होते. मग त्यांनी मान किंचित मागे वळवली आणि ओठ न हलवता मला सांगितलं, "धाकटी बहीण. हिला मी इंजिनावर बसवून नेलं होतं. शिट्टी हिने वाजवलेली." आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "अगं, तुझ्या शिट्टीने स्टेशनमास्तर पळत बाहेर आला होता!" म्हातारी हसायला लागली ती रडायलाच लागली. मी पेल्यात बघत राहिलो.

जेवणं झाल्यावर ड्रायव्हरसाहेबांनी मोठ्या अगत्याने मला विचारलं, "आपण मुलाकडचे की मुलीकडचे?" मी म्हणालो, "मधला." त्यांना पटलं.

तर अक्का, आता तूच सांग, या माणसाचं डोकं फिरलं आहे का? भाच्याला फोन करून चांगलं खडसाव. तुझं तो ऐकतो. तब्येतीला जप, जिने चढू नकोस, भाऊजींना माझा नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ,
(डोकं शाबूत)

ता. क. — हल्ली मी आठवड्यातून दोनदा ड्रायव्हरसाहेबांकडे जातो. ते मला दर वेळी नव्याने भेटतात, त्यामुळे माझे जुने किस्से तिथे छान खपतात. सूनबाई स्वतः सोडायला येते आणि वाटेत भांडत नाही. याचा राग कसा धरावा हे अजून कळलेलं नाही.

आणखी एक. डॉक्टरांकडची हकीकत वर लिहिली ती खरी, पण पुरी नाही. तुझा भाचा फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या आईचं नाव काय? मी म्हणालो, आईला नावाने हाक मारायची आमच्या घरी पद्धत नव्हती. डॉक्टर हसले आणि पुढे गेले. घरी आल्यापासून मी बाराखडी पालथी घालतो आहे. एकेक अक्षर उच्चारतो आणि पुढचं येतं का ते कान देऊन ऐकतो. बाबा तिला 'अगं' म्हणायचे, शेजारपाजारचे ताई, आपण आई. तिचा चेहरा दिसतो, हात दिसतात, खोलीतून खोलीत जाताना यायचा तो पदराचा वाससुद्धा येतो. फोन करू नकोस, इथे तो आधी दुसरेच उचलतात. पत्रच टाक. आणि पूर्ण नाव लिहू नकोस, अक्का. नुसतं पहिलं अक्षर लिही. पुढचं मला येतं.