वाऱ्याच्या वर

६ जानेवारी १९८६

नाव लिवून घेतलं! माझं! मला विचारलं पन नाय.

कंपनीचा सायब वाडीत आला होता. म्हनाला, भोपाळात झालं तसं इथं क्लोरीन सुटलं तर काय कराल? दिवसा पुरुष कामावर, वाडीत बाया आन म्हातारी. म्हनून बायांतलीच एक वार्डन पायजे, सगळ्यांना हाका मारून बाहेर काढनारी. वाचता येनारी हवी. झालं, सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. सातवीपत्तुर शिकले हाच गुन्हा.

दारात पावना आला तर मी चुलीमागं जाते. आन वाडीला हाका मारनार मी! आई म्हनते, "जा गं, घरात बसून तरी काय दिवे लावतेस."

८ जानेवारी

कॉलेज म्हनं! कंपनीच्या मागचं गोडाऊन हाय. पत्र्यावर नवी पाटी ठोकलीय — फायर ट्रेनिंग कॉलेज. पोरं बाकावर, मी एकटी भिंतीकडं.

शिकवायला बोंद्रे सर. नागपूरचे. पोरांना पोट्टेहो म्हनतात. मला नाव विचारलं. सांगितलं. "बोलून राहिली का कुजबुजून राहिली?" सगळे खिदळले. मागनं गजा वरडला, "सर, मुकी हाय ती! भोंग्यालाच बांदा तिला!"

हा गजा आमच्याच वाडीतला. जनीमावशीचा. कंपनीच्या फायरमध्ये नवा लागलाय. बूट घातले म्हनून जमिनीवर पाय नाय मेल्याचा.

१५ जानेवारी

पान्याचा पाइप धरायला दिला. पानी आलं की तो जित्या जनावरासारखा उसळी मारतो. मी पडले. चिखलात. गजा म्हनतो, "वार्डनबाईंची आंघोळ झाली!"

शेडवर खांबाला एक कापडी नळी बांदलीय, वारा कुठं जातो ते कळायला. पोरं तिला सायबाचा पायजमा म्हनतात. मला पन हसू आलं. कोनी बघितलं नाय.

२१ जानेवारी

वाळूनं भरलेलं बुजगावनं खांद्यावर घेऊन शिडी उतरले. आज कोनी हसलं नाय.

२ फेब्रुवारी

सरांनी कार्ड दिलंय, वाडीत वाचून दाखवायला. गॅस सुटला तर पदर ओला करून तोंडावर घ्या. पोरं उचला. वाऱ्याच्या वर जा.

देवळापुढं सगळे जमले. वाचलं. कोंडीरामकाका पुढंच बसलेले, म्हनाले, "मैने, वारं दिसत नाय आन त्याच्या वर कसं चढायचं गं?" सगळे हसले. मला घाम फुटला. सर मागं उभे. खांबाकडं बघितलं — पायजमा फुगून कंपनीकडं चाललेला. म्हंजे वारा घाटातनं उतरत होता. मी हात केला. म्हनलं, "वर. घाटाकडं."

काका म्हनाले, "मग असं सरळ मराठीत बोल की! वर म्हंजे घाट. येवढंच ना?"

सरांनी मान हलवली. बरोबर, म्हनाले.

१० फेब्रुवारी

भोंगा वाजवून बघितला. खोटाच. आमची वाडी जी पळाली! सोनुबाई तर कोंबडी काखेत घेऊन. सगळे घाटाच्या वाटेवर. सर म्हनाले, "शाबास पोट्टी." पोरं आता खेळताना पन वरडतात — भोंगा वाजला, वर पळा!

गजा म्हनाला, "मुकीनं वाडी हलवली!" घरी येईपत्तुर तेच कानात.

३ मार्च

बिल्ला मिळाला. पितळी. आईनं चिंचेनं घासून चकाचक केला.

१९ मे

गजा नळावर सगळ्यांपुढं — "वार्डनबाई, आमची डाळ करपली, भोंगा वाजवा!" बाया पोट धरून हसल्या. जळो ह्याचं तोंड.

९ जुलै

सगळं लिवून ठेवते.

दुपार होती. लावनी चाललेली, सगळी वाडी खाचरात. मी आन आई बांधावर भाकऱ्या घेऊन. भोंगा वाजला. खरा. कंपनीकडनं पिवळट धुकं जमिनीला चिकटून सरकत आलं. नाकात आधी वास, मग आगच.

सगळे वर पळाले. मी शिकवल्यासारखे. घाटाकडं.

पायजमा पावसानं भिजून खांबाला चिकटलेला. मी आमच्या घराकडं बघितलं. कौलातनं निघालेला धूर घाटाकडं चालला होता. पावसाळ्यात वारा खालनं वर जातो. जन्मापासनं बघतेय! गॅस त्यांच्या पाठीवर होता आन ते त्याच्याच वाटेनं पळत होते.

वरडले. "खाली! वड्याच्या बाजूनं खाली!" कोन ऐकतंय. एक बाई म्हनाली, "खाली तर कंपनी हाय, मरायला जाऊ? तूच सांगितलंस ना वर!"

गजाची सुट्टी होती, तो पन खाचरात होता. मी जीव खाऊन वरडले, "गजा, खाली!" त्यानं थांबून माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं. आन वरच पळाला. सगळ्यांच्या पुढं. पाय तर केवढे लांब!

आईला ओढली. जवळच्या चार बाया आल्या. वड्याकडनं खाली गेलो. आमाला काय झालं नाय.

११ जुलै

कोंडीरामकाका गेले.

सोनुबाईला मुंबईच्या हास्पिटलात नेलंय, गजाला पन. बाकीचे खोकतायत. काही जन वाटेवरनं माघारी फिरले म्हनून वाचले म्हनं. कसे फिरले कोन जाने. ज्याला त्याला डोळ्यांपुढं अंधार, धड कोनालाच सांगता येत नाय.

रस्त्यात कोनी माझ्याशी बोलत नाय. काकांची सून मला बघून थुंकली.

१४ जुलै

गजा गेला.

वाईट वाटायला पायजे. वाटत नाय. बूट, हेल्मेट, कॉलेज — येवढं सगळं घेऊन पहिला पळाला तो! वाडी पन तेच म्हनते. मला तरी शिव्या देतात, त्याचं नाव पन घेत नायत.

१९ जुलै

मोठे सायब आले चौकशीला. खुर्च्या टाकल्या. विचारलं, कार्डावर काय होतं? वाऱ्याच्या वर. मग? सूचना बरोबर होती. लोकांनी चुकीची ऐकली. लिवून घेतलं.

बोंद्रे सर माझ्याजवळ आले. डोळे लाल. "अगं, वाऱ्याच्या वर म्हणजे वारा येतो तिकडे. घाट कुठं म्हटलं मी?"

तुमी मान हलवलीत सर. देवळापुढं. बरोबर म्हनालात.

हे तोंडातनं निघालं नाय. पदराचं टोक चावत उभी राहिले.

२३ जुलै

गजाचं दहावं. वाडीतनं कोनी गेलं नाय. जनीमावशी एकटीच भावाला घेऊन वड्यावर गेली. मी खिडकी लावून घेतली.

२६ जुलै

कंपनीनं नवी कार्डं छापली. खालच्या वाडीत वाचून दाखव म्हनतात. उघडून बघितलं — वाऱ्याच्या वर जा.

तिथंच फाडलं. शिपाई म्हनाला, "येडी का काय गं?" बिल्ला त्याच्या टेबलावर टाकून आले.

४ ऑगस्ट

सोनुबाईला घरी आनली. आवाज आज फुटला, तो पन घोगरा. मला बोलवून घेतलं. मला वाटलं, शिव्या देनार. हात धरला तिनं.

"गज्या आमच्या पुढं जाऊन वाटेत आडवा झाला गं. वरडत होता — मागं फिरा, मैनी खाली म्हनते, तिला ठाव हाय! कोंडीरामानं काठी हानली त्याला. तरी हटंना. एकेकाला धरून उतारावर ढकलला. मला पन. मग परत वर गेला, म्हाताऱ्याला आनायला."

जनीमावशीला हे कोनी सांगितलेलं नाय.

उद्या जाते. नाय — आत्ताच.